काच नाही, प्लॅस्टिक नाही

चेत-बुलाक, अतबाशी खोरं
२ मार्च १९९६

एसेनगुल,

खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर मात्र दुसऱ्याच गोष्टीचं हवंय. उघड्यावर टोमॅटो कसा लावतात?

हसू नकोस. हसायचं काम आमच्या गावाने परवाच उरकलंय.

सामुदायिक शेती मोडली तेव्हा घरामागचे बारा गुंठे आमच्या वाट्याला आले, हे तुला माहीत आहे. कागदात लिहिलंय, ‘भाजीची जागा’. तेव्हा हे होते. हे गेले, आणि थडग्यावरची माती बसायच्या आत धाकट्या दिरांना मेंढवाड्यासाठी जागा कमी पडायला लागली. परवा गावसभेत उभे राहून म्हणाले, “वहिनी भाजी तर लावत नाहीत, जागा रिकामी. आईला घेऊन माझ्याकडे या म्हणावं, चार माणसांत राहाल.” चार माणसांत राहाल, म्हणजे चार माणसांचा चहा ओताल. मी तीस वर्षं माझ्या घरात माझा चहा ओतलाय.

गावप्रमुख बेकतूर म्हणाला, “कालिपा, भाजीची जागा भाजीलाच. बटाटा धरायचा नाही, तो शेताच्या वाट्यात होतो. बोल, काय लावणार?”

माझ्या तोंडून निघालं, “टोमॅटो.”

मागून कुणीतरी ओरडलं, “खजूरही लाव, रमजानला उपयोगी पडेल!” सगळी सभा हसली. टोमॅटो इथे फक्त मालमोटारीतून येतो, तोही निम्मा फुटलेला. बेकतूर हसत नाही, तो डोळे पुसतो. डोळे पुसून म्हणाला, “ठरलं. काच नाही, प्लॅस्टिक नाही. मातीत लावायचा, मातीतच लाल करायचा. झाला, तर जागेचा कागद मी स्वतः तुझ्या दारात आणून देईन. नाही झाला, तर पंधरा सप्टेंबरला मेंढवाड्याचे खांब रोवायचे.”

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षं झाली त्यांना. काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होत्या. जागा एका बाजूला सून मागतेय, दुसऱ्या बाजूला पोटचा मुलगा. मी तरी त्यांना काय विचारू?

तू उन्हाच्या मुलखात राहतोस. तुझ्या पत्रांत दर उन्हाळ्यात ‘माझे टोमॅटो, माझे टोमॅटो’ असतं. तर आता सांग.

तुझी मावसबहीण
कालिपा

*

जलालाबाद
२१ मार्च १९९६

प्रिय कालिपाताईस,

नवरोझच्या शुभेच्छा. तुझं पत्र सणाच्या दिवशीच मिळालं आणि ते वाचून मुकादासने खिरीच्या कढईतला चमचा तसाच हवेत धरून ठेवला. “ताईंनी हे भर सभेत म्हटलं?” तिने तीनदा विचारलं. माझ्या बायकोला एखाद्याबद्दल इतका आदर वाटल्याचं मी सव्वीस वर्षांत प्रथमच पाहिलं.

आता विषयाकडे. तुझे धाकटे दीर शेरअली (तू नाव घेणार नाहीस, म्हणून मी घेतो) हे गृहस्थ मेंढ्यांच्या बाबतीत दूरदर्शी आणि माणसांच्या बाबतीत अंध आहेत, हा दोष त्यांच्यात लहानपणापासूनच असावा. बेकतूरबद्दल मी काही बोलत नाही. ज्याला अधिकार उशिरा मिळतो, तो पैजा लवकर लावतो.

मी लेनिनग्राडला चार वर्षं संस्कृत शिकलो आणि परत आल्यावर सरकारने मला शाळेत भूगोल दिला, कारण दोन्ही विषयांत न पाहिलेल्या मुलखांची वर्णनं येतात. तेव्हा न पाहिलेल्या गोष्टींवर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा अभ्यास जुना आहे. पण टोमॅटोचं तसं नाही. टोमॅटो हा माझ्या अंगणातला विषय.

सोबत ‘बैलाचं काळीज’ या वाणाचं बी पाठवतो. एकेक फळ अर्ध्या किलोचं. जमिनीचा आराखडा आधी कागदावर काढ. उत्तर-दक्षिण सरळ ओळी, दोन ओळींत हातभर अंतर. एप्रिलच्या मध्यावर बी थेट वाफ्यात टाक. भर दुपारी सावली कर, नाहीतर पानं करपतात. पाटाचं पाणी सकाळ-संध्याकाळ सोड. बाकी सूर्यनारायणावर सोपव.

लाल झाला की पहिला तुकडा बेकतूरच्या डोळ्यांना लाव. ते पुसायची त्याला सवय आहेच.

तुझा
एसेनगुल

*

चेत-बुलाक
२८ एप्रिल १९९६

एसेनगुल,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘भर दुपारी सावली कर’ इथे आल्यावर त्या महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. बाहेर तेव्हा बर्फ पडत होता. अजूनही छपरावर वीतभर आहे.

तू भूगोल शिकवतोस ना? मग नकाशात बघ, मी कुठे राहते. आमच्या पाटातल्या पाण्यात हात घातला तर बोटं मोजून घ्यावी लागतात, सगळी परत आली का ते. ते पाणी मी टोमॅटोला पाजू?

मी मेंढपाळांना विचारून दिवस मोजले. जूनच्या मध्यापर्यंत गोठण, एका रात्रीत पान काळं करणारी थंडी, आणि ऑगस्ट संपता संपता पुन्हा गोठण. मधे उरतात सत्तर दिवस, देव प्रसन्न असेल तर पंचाहत्तर. तुझ्या पुडीवर लिहिलंय, एकशे तीस. आमच्याकडे बैलाला काळीज वाढवायला तेवढी सवड नाही. तरी खिडकीत डब्यांमध्ये पेरलं. उगवून आलं, लांब झालं आणि आडवं पडलं. तुझ्या विद्वत्तेसारखंच.

आराखडा मात्र काढलाय, पण सरळ ओळींचा नाही. अंगणात एक गोल आहे. सासरे होते तोवर दर उन्हाळ्यात त्यांचं नमद्याचं, जाड लोकरीचं गोल घर तिथेच उभं राहायचं. चाळीस उन्हाळे चूल पेटली तिथे. राखेने माती काळी झालीय, आणि आवारात सगळ्यांत आधी बर्फ वितळतो तो त्याच गोलात. मी तोच आखला. दोन फेर, एकाच्या आत एक.

आखत होते तेव्हा सासूबाई काठी टेकत आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, माझ्या घराची जागा खणू नकोस. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “मधे चूल होती. तिथे रोप लावू नकोस. चुलीवर पाय द्यायचा नसतो.” आणि गेल्या. कुणाच्या बाजूने बोलल्या, देव जाणे.

आता खरं सांग. तुझ्या बागेत कुदळ कोण मारतं?

कालिपा

*

जलालाबाद
१४ मे १९९६

प्रिय ताईस,

कुदळ मुकादास मारते. पाणीही तीच सोडते. आजवर माझ्या हातांनी टोमॅटोवर एकच प्रयोग केला आहे, तो म्हणजे मीठ लावण्याचा. मागच्या पत्रातला उपदेश मी एका पुस्तकातून उतरवला होता आणि ते पुस्तक वाळवंटातल्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. तुझा प्रश्न मुकादासच्या कानावर गेल्यापासून माझ्या ताटात टोमॅटो येत नाही. शिक्षा न्याय्य आहे.

पण शरमेने माणूस कामाला लागतो, हे खरं. आमच्या गल्लीत फ्रीदा नावाची एक जर्मन म्हातारी आहे. लहानपणी सैबेरियात हद्दपारीत वाढली, तिथे उघड्यावर टोमॅटो पिकवायची. आता मुलाकडे जर्मनीला कायमची चालली आहे, घर विकलं, पण खिडक्यांतली रोपं कुणाला द्यावीत या काळजीत होती. बुटकं झाड, अक्रोडाएवढं फळ, साठ दिवसांत तयार. मी तुझी सगळी कथा सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि विचारलं, “तुझी बहीण हट्टी आहे का?” मी म्हटलं, “त्या एका विषयात ती पंडिता आहे.” तिने चाळीस रोपं दिली.

खिंड उघडली की ती कझारमानच्या रस्त्याने मुरात ड्रायव्हरबरोबर येतील. फ्रीदाचं सांगणं जसंच्या तसं लिहितो, यात माझा एक शब्द नाही:

खड्ड्यात तळाला घोड्याची ताजी लीद घाल, वर वीतभर माती. लीद आतून तापते. प्रत्येक रोपाला उत्तरेकडून नदीतल्या काळ्या दगडांची पाठ दे. पाणी पिंपात भरून उन्हात तापव, पिंप काळं हवं. एकच खोड ठेव, बगलेतले कोंब मोडत राहा. एक ऑगस्टला झाडांचे शेंडे खुडून टाक, फुलं असली तरी. दया करू नकोस. थंड मुलखात झाडाला वाढू दिलं तर ते वाढतच बसतं, पिकत नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून मुकादासने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

एसेनगुल

*

चेत-बुलाक
२४ जून १९९६

एसेनगुल,

चाळीसातली एकतीस आली. मुरात म्हणतो, खिंडीत गारठा होता म्हणून त्याने एक खोका शेकोटीजवळ ठेवला. नऊ रोपं शिजली. उरलेली एकतीस मी जूनच्या आठ तारखेला लावली, फ्रीदाने सांगितलं तशी. नदीतून दगड मी आणि शेजारची रायकान दोघींनी गाढवावरून आणले. पिंप मधोमध ठेवलं, बरोबर चुलीच्या जागी. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. तिथे गरम काहीतरी असलं पाहिजेच.” दुसऱ्या दिवशी पिंपाला काजळी फासताना मला दिसल्या. मी न बघितल्यासारखं केलं.

अठरा जूनला बर्फ पडला.

दुपारीच आभाळ काळं झालं. मी घरात जे पोकळ होतं ते सगळं बाहेर आणलं. बादल्या, पातेली, दुधाचे कॅन, समोवाराचं झाकण. तरी सात रोपं उघडीच राहिली. मग पेटी उघडली आणि यांच्या टोप्या काढल्या. पांढऱ्या, उंच, लग्नातलीसुद्धा. एकेका रोपाला एकेक घातली. लग्नातली दोनदा पेटीत परत ठेवली, खोटं कशाला सांगू. पण टोपी डोकं उबदार ठेवायलाच असते, आणि यांचं डोकं आता जिथे आहे तिथे तिचा उपयोग नाही.

सकाळी बेकतूर घोड्यावरून जात होता. कुंपणापाशी थांबला.

“काय गं कालिपा, टोप्या पेरल्यास?”

“हो. खाली डोकी उगवतील. गावात कमी पडतायत.”

धाकटे दीर त्याच्या मागेच होते. हसू आलं ते दाबून म्हणाले, “वहिनी, भावाच्या टोप्या अशा मातीत...” मी म्हटलं, “भावाच्या जागेत मेंढ्या चालतील, टोप्या नाही चालणार?” मान वळवून गेले.

एकही रोप मेलं नाही. आत्ता पिवळी फुलं आहेत. गावातल्या बायका दूध न्यायच्या निमित्ताने येऊन बघून जातात. दूध आमच्याकडे नाही.

कालिपा

*

जलालाबाद
१९ जुलै १९९६

प्रिय ताईस,

टोप्यांची हकीकत मी उन्हाळी वर्गात सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भूगोलाच्या तासाला ही घटना या शाळेच्या इतिहासात प्रथमच घडली.

परंतु आता जे लिहितो ते थट्टेत नाही, आणि थट्टा सोडून लिहायची मला सवय नसल्याने वाक्यं अडखळतील. इथे ड्रायव्हर लोक सांगतात की यंदा वरच्या कुरणांवर थंडी लवकर उतरणार. तू एकटी किती दिवस बादल्या आणि टोप्या घेऊन आभाळाशी भांडणार? मुकादासशी बोललो. थोरलीचं लग्न झाल्यापासून आमची पूर्वेकडची खोली रिकामी आहे. उन्हं येतात. सासूबाई मुलाकडे राहतील, ते त्यांचं हक्काचं घर आहे. तू इथे ये. हरली असं कुणी म्हणणार नाही. बारा गुंठे म्हणजे काही साम्राज्य नव्हे.

रागावू नकोस.

एसेनगुल

*

चेत-बुलाक
४ ऑगस्ट १९९६

एसेनगुल,

रागावले.

तुझी खोली चांगली आहे. मी तिथे पाहुणी म्हणून येईन, आठ दिवस राहीन, मुकादासच्या हातचं खाईन, तुझी अक्कल काढीन आणि परत माझ्या घरी येईन. परत यायला घर नसलं तर ती पाहुणी नसते, ओझं असतं. हे तुला संस्कृतात शिकवलं नसेल तर किर्गीझमध्ये सांगते: पुन्हा लिहू नकोस.

बारा गुंठे साम्राज्य नाही म्हणतोस. ज्याच्याकडे बारा गुंठे असतात तोच हे म्हणू शकतो.

शेंडे खुडले, पहिल्या तारखेला. फुलांसकट. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “रडतेस कशाला?” मी म्हटलं, “डोळ्यात रस उडाला.” त्या म्हणाल्या, “माझ्या वेळी मीही हेच सांगायची.”

फळं मोजली. एकशे त्रेचाळीस, सगळी हिरवी, दगडासारखी. धाकट्यांनी खांबांसाठी लाकूड आणून आमच्या कुंपणाला टेकवून ठेवलंय. ते मी रोज बघते. ते दिसलं की पाणी घालायचा कंटाळा येत नाही.

दया पोस्टाने पाठवू नकोस. गोठण आली तर काय करायचं, ते फ्रीदाला विचारून पाठव.

कालिपा

*

जलालाबाद
१५ ऑगस्ट १९९६

ताई,

क्षमा.

फ्रीदा काल जर्मनीला गेली. जाण्याआधी पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, काच आणि प्लॅस्टिक नको असेल तर जाड काहीतरी घाल, जमिनीचा श्वास धरून ठेवेल असं. पांघरूण पानांना टेकता कामा नये, टेकलं तिथे पान जळतं. उंच हवं. दिवसा वरून उघडायचं, संध्याकाळी ऊन असतानाच मिटायचं. आत तापलेलं पाणी ठेवायचं. “असं काही तिच्याकडे आहे का?” तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

मोटारीत बसताना तिने मला विचारलं, “बहीण येतेय का तुमच्याकडे राहायला?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “छान.”

एसेनगुल

*

चेत-बुलाक
२ सप्टेंबर १९९६

एसेनगुल,

बस आणि नीट वाच. मधे हसलास तरी चालेल, पण पुढे वाचायचं सोडू नकोस.

सत्तावीस ऑगस्टला वरच्या कुरणांवरून मेंढपाळ घाईने खाली उतरले. म्हणाले, आज जबरदस्त गोठण, तीन दिवस राहील. फळं तेव्हा कोल्ह्याच्या पाठीच्या रंगाची झाली होती. लाल नाहीत. अजून तीन-चार दिवस लागणार होते. झाडं आता गुडघ्याच्या वर, त्यांना बादली बसत नाही, टोपी तर नाहीच.

मी ओसरीवर तुझं पत्र हातात घेऊन बसले होते. उंच हवं. वरून उघडणारं हवं. जाड हवं. मी मोठ्याने वाचत होते. सासूबाई म्हणाल्या, “मूर्ख बाई, हे घराचं वर्णन आहे.”

मला कळेना.

“माझ्या घराचं. कोठारात पडलंय. उठ.”

नमद्याचं घर! सासऱ्यांनंतर एकदाच बाहेर निघालं होतं, रीतीप्रमाणे यांना दफनापर्यंत आत ठेवायला. त्यानंतर मी त्या गठ्ठ्याकडे बघायचंही टाळलं होतं. मी म्हटलं, “आई, ते यांच्या वेळी...” त्या म्हणाल्या, “त्याच्या वेळी उभं राहिलं, तसं माझ्या लग्नातही उभं राहिलंय. घराला सगळं चालतं.”

रायकानला बोलावलं. तिघींनी मिळून ऊन होतं तोवर उभं केलं. लाकडी जाळीच्या भिंती मी ताणल्या, छताच्या मधलं, धूर जायचं कडं रायकानने काठीवर पेललं, आणि सासूबाई खाली बसून हुकूम सोडत होत्या, “डावीकडे! आपली डावी गं, घोड्याची नव्हे!” भिंत त्या गोलावर बरोबर बसली. बसणारच. गोल तिचाच होता. एकतीस झाडं आत, मधे चुलीच्या जागी दिवसभर तापलेलं पिंप. वरून नमदे ओढले, कडं झाकलं. रायकानचं अंग मोडून आलं, ती आमच्याकडेच झोपली. म्हणजे गावात कुणालाच काही कळलं नाही.

आता तूच सांग, आपल्याकडे ऑगस्टअखेरीस, सगळे कुरणांवरून खाली उतरल्यावर, एका विधवेच्या अंगणात, जिच्या घरी ब्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे, रातोरात पांढरं घर उभं राहिलेलं दिसलं, तर गाव काय समजेल?

पहाटे मला दुरून आवाज आला. आधी वाटलं, कोल्हे. मग शब्द कळले. “आई गं! माझी आई गं!” पुरुष घोड्यावरून रडत येत होते. वेशीपासूनच, रीतीप्रमाणे, कमरेवर हात ठेवून, गळा सोडून. पुढे धाकटे दीर. पाठोपाठ बेकतूर आणि दहा-बारा जण. मागे बायका, डोक्यावरचे रुमाल तोंडाला.

मी दार उघडून धावले, “अहो, थांबा, कुणी...” पण रडणाऱ्याला कोण थांबवतं? धाकटे घोड्यावरून उडी टाकून नमद्याच्या भिंतीला बिलगले आणि सगळ्या गावासमोर हंबरडा फोडला. रडणाऱ्याने आपला अपराध मेलेल्याला सांगायचा असतो, हे तुला माहीत आहे. त्यांनी सांगितला.

“आई! मी तुला तुझ्या अंगणातून उठवायला निघालो होतो गं! मेंढ्यांसाठी! भावाची जागा मेंढ्यांसाठी मागितली मी! वहिनीला दारोदार करायला निघालो! माफ कर गं आई, मला माफ कर!”

“केलं,” सासूबाई म्हणाल्या.

त्या आमच्या राहत्या घराच्या दारात उभ्या होत्या. हातात वाटी, चहा फुंकत होत्या.

एसेनगुल, सगळं रडणं तिथल्या तिथे तुटलं. एका घोड्याने फुरफुर केली. रडायला आलेल्या एका बाईने घाईत “बिस्मिल्ला” म्हणून स्वतःला चिमटा काढला.

“केलं माफ,” सासूबाई पुन्हा म्हणाल्या. “सगळ्यांनी ऐकलंय. आता मेंढवाडा स्वतःच्या मागच्या बाजूला बांध. लाकूड घेऊन जा, माझं कुंपण वाकतंय.”

धाकटे उठले, चेहरा ओला. “आई, मग आत कोण आहे?”

“तुझी वहिनी सांगेल. आत गेलीस की पिंप गार झालंय का, तेही बघ म्हणावं तिला.”

मी दाराचा नमदा वर केला. बाहेर कुंपणावर, गवतावर, घोड्यांच्या आयाळीवर सगळं पांढरं गोठलेलं. गावातल्या बटाट्याची पानं एका पहाटेत काळी पडली होती. आतून उबदार वाफ आली, टोमॅटोच्या पानांचा तो वास. एकतीसच्या एकतीस उभी.

बेकतूर वाकून आत शिरला. बराच वेळ बघत राहिला. डोळे पुसलेले नव्हते, अजून खऱ्याखुऱ्या रडण्याने ओलेच होते. मग त्याला आपलं पद आठवलं. “कालिपा, हे केशरी आहेत. लाल नाहीत. आणि घराखाली आहेत.”

“काच कुठे आहे?” मी म्हटलं.

तो मान वर करून नमद्यांकडे बघायला लागला.

“प्लॅस्टिक कुठे आहे?”

“पण आपलं असं ठरलं नव्हतं...”

“जे ठरलं ते तू ठरवलंस. सगळ्या सभेसमोर. मातीत लावायचा, मातीत लाल करायचा. बघ, माती.”

मागून सासूबाई म्हणाल्या, “बेकतूर, तू रडायला आलायस. रडायला आलेल्याने तसंच उठून जायचं नसतं. आधी भाकरी मोड. आणि लाल झालेत का, ते बघायला रोज ये. मी मेले असते तरी तू तीन दिवस आला असतासच.”

सगळ्यांना चहा द्यावा लागला. बावीस माणसं. मी ओतला. माझ्या अंगणात, माझा चहा. एसेनगुल, तो ओतायला मला काही वाटलं नाही.

बेकतूर खरंच रोज आला. गावही आलं. दुपारी कडं उघडायचं, ऊन उतरायच्या आत मिटायचं, हे बघायला माणसं कुंपणावर बसायची. तिसऱ्या दिवशी थंडी ओसरली. चौथ्या दिवशी, एकतीस ऑगस्टला, सकाळी मी आत गेले आणि तशीच बाहेर आले. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बेकतूरला बोलवायला रायकानला पाठवलं.

त्याने स्वतःच्या हाताने तोडला. चारी बाजूंनी फिरवून बघितला, कुठे हिरवा राहिलाय का. नव्हता. मग त्याने खिशातून मीठ काढलं. म्हणजे तो घरूनच मीठ घेऊन आला होता, आणि त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत होतो.

कागद संध्याकाळी आला. दारात, त्याच्याच हातून. नाव माझं.

मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. झोपताना सासूबाईंना विचारली, “आई, गावाला काय वाटेल, ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं का?”

त्या म्हणाल्या, “मी म्हातारी बाई. मला काय कळतंय?” आणि कूस बदलली.

कालिपा

*

जलालाबाद
१८ सप्टेंबर १९९६

प्रिय ताईस,

हे पत्र मी शाळेत वाचलं. पहिल्या पानावर मुख्याध्यापक आत आले, शेवटच्या पानावर त्यांनी विचारलं की घरी कुणी वारलं आहे का. मी म्हटलं, नाही, परंतु रडणं झालं आहे.

अरण्यरुदन हा शब्द मी तरुणपणी शिकलो. ज्या रडण्याचा काही उपयोग होत नाही, ते. शेरअलींनी त्या शब्दाला अपवाद निर्माण केला. त्यांना सलाम सांग. मी चेष्टा करत नाही. ज्याने गावासमोर खरं बोलून टाकलं, भले चुकीच्या प्रेतापुढे का असेना, त्याच्याशी मला आता नीट ओळख करून घ्यावीशी वाटते.

माझं एक पत्र, जुलैचं, तुझ्याकडे आहे. ते परत पाठव. जाळायचं आहे. नाहीतर तूच चुलीत घाल. अर्थात आता तिथे पिंप आहे.

मुकादासने मला पुन्हा टोमॅटो वाढायला सुरुवात केली आहे. काल तिने वाफ्यात माझ्यासाठी एक कुदळ ठेवली होती. नवीन. मी ती पाहिली आणि मला फ्रीदाचं ते ‘वाढतच बसतं, पिकत नाही’ आठवलं.

तुझा
एसेनगुल

*

चेत-बुलाक
६ ऑक्टोबर १९९६

एसेनगुल,

तुझं जुलैचं पत्र देणार नाही. बी वाळवून त्यातच बांधलंय. पुडी सोबत आहे. कुदळ मार, मग पेर.

इथलं हे बी आहे, गारठ्यात तयार झालेलं. तुझ्या उन्हात भर दुपारी सावली कर.

गावात चार घरांनी आपापल्या अंगणातले जुने गोल शोधून आखून ठेवलेत. बेकतूरने तर दोन. मेंढवाडा शेरअलीने स्वतःच्या मागच्या बाजूला बांधला आणि लीद आमच्याकडे आणून टाकली, न सांगता, दोन गाड्या. हो, नाव लिहिलंय. सासूबाईंसमोर बसून लिहिलंय, आणि त्या वाचून घेतायत.

परवा कुंपणापाशी घुटमळत होता. बराच वेळ. शेवटी म्हणाला, “वहिनी, वसंतात चार रोपं मिळतील का?”

मी म्हटलं, “मिळतील. पण या खेपेला न रडता ये.”

कालिपा